करवतीचा दोष कोणाचा

न्यायदर्शनाच्या ग्रंथांत 'करण' ही संज्ञा, म्हणजे क्रिया घडवून आणणारे विशेष साधन, समजावून सांगताना बहुधा लाकूड तोडणाऱ्या कुऱ्हाडीचे उदाहरण घेतले जाते. तोडणारा माणूस हा कर्ता, लाकूड हे कर्म, कुऱ्हाड हे करण आणि कुऱ्हाडीचा लाकडाशी होणारा संयोग हा व्यापार. व्यापार म्हणजे साधन आणि फळ यांच्या मधला असा दुवा की ज्यावाचून साधन नुसते वस्तू म्हणून पडून राहते. या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती म्हणजे लाकूड तुटते. ते तुटत नसेल, वाकडे तुटत असेल, किंवा तुटता तुटता करपत असेल, तर या चौघांपैकी कोणाकडे बोट दाखवावे, हा प्रश्न त्या उदाहरणाच्या पोटात आहे. आणि कुऱ्हाडीच्या जागी विजेवर फिरणारी करवत आली की तो चांगलाच गुंतागुंतीचा होतो.

नवी मुंबईच्या परिसरात हा प्रश्न रोजच्या कामाचा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यानंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात रबाळे, महापे, पावणे, तुर्भे अशी औद्योगिक क्षेत्रे उभी राहिली. दक्षिणेकडे तळोजा वाढले, मुंबईतला लोखंड-पोलादाचा व्यापार हलवण्यासाठी सिडकोने कळंबोलीचा पोलाद बाजार वसवला आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. या सगळ्या ठिकाणी काही ना काही कापले जाते. कळंबोलीत पोलादाच्या सळया आणि जाड गोल पट्टा-करवतीवर, म्हणजे दोन चाकांवरून अखंड फिरणाऱ्या दातेरी पट्टीवर, कापून दिले जातात. फर्निचरच्या कारखान्यांत लॅमिनेट चढवलेले फळे चक्री करवतीवर चिरले जातात. बंदरातून निर्यात होणाऱ्या मालासाठी पाइनच्या लाकडाचे पॅलेट आणि खोकी तयार होतात. ही खोकी आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे टिकेल अशा रीतीने तापवली जातात, जेणेकरून लाकडातली कीड परदेशी जाऊ नये. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत हेच लाकूड ओलावा धरते, आणि काल सरळ चालणारे पाते आज अडखळू लागते.

अशा वेळी कामाच्या जागी जी उत्तरे ऐकू येतात त्यांत तात्त्विक प्रश्न दडलेला असतो. ब्लेड खराब निघाले, नवा ऑपरेटर अडाणी आहे, लाकूडच वाईट आले, मशीनला कोणाची तरी नजर लागली, या वर्षी खंडेनवमीला पूजा नीट झाली नाही, आणि सरतेशेवटी, देवाच्या मनात होते ते झाले. यांतली पहिली उत्तरे तंत्राची आणि शेवटची श्रद्धेची, अशी वाटणी करून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ती वाटणी फसवी आहे, कारण पहिल्या उत्तरांतही पुष्कळदा नुसती श्रद्धाच असते, आणि शेवटचे उत्तर ईश्वर मानणाऱ्या दर्शनांच्या दृष्टीने खोटे नसते. ते खोटे नसतानाही निरुपयोगी का ठरते, हे पाहण्यासारखे आहे.

चक्री करवतीची सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे कापलेल्या कडेवर उमटणारा करपल्याचा तपकिरी-काळा डाग. डागावरून बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात, की पात्याची धार गेली. हे कार्यावरून कारणाकडे जाणारे अनुमान आहे. न्यायपरंपरेत त्याला शेषवत् म्हणतात आणि न्यायसूत्रावरील वात्स्यायनाच्या भाष्यात त्याचे उदाहरण पुराने भरलेल्या नदीचे आहे, की नदी फुगलेली दिसली म्हणजे वरच्या अंगाला पाऊस झाला असला पाहिजे. खुद्द न्यायसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात या अनुमानावर आक्षेप नोंदवलेला आहे. नदी बांध घातल्यानेही फुगते, मग फुगण्यावरून पाऊस कसा सिद्ध होणार, आणि असे असेल तर अनुमान हे प्रमाणच कसे? सूत्रकाराचे उत्तर असे की ज्या फुगण्यावरून पावसाचे अनुमान होते ते आणि बांधाने झालेले फुगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाष्यपरंपरा ते उलगडून सांगते: पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, त्याच्याबरोबर पाने, फळे, लाकडे वाहत येतात. म्हणजे दोष अनुमानाचा नव्हता, अनुमान करणाऱ्याने चिन्ह अर्धवट पाहिले होते.

करपल्याच्या डागाचेही तसेच आहे. डाग कापाच्या दोन्ही अंगांना सारखा असेल, तर धार गेलेली असणे, माल फार हळू पुढे सरकणे, किंवा पाइनच्या लाकडातली राळ दात्यांच्या बाजूंना चिकटून बसणे यांपैकी काहीतरी घडलेले असते. डाग एकाच अंगाला असेल, आणि विशेषतः पाते व सरळ कापासाठी लावलेली आडपट्टी यांच्या मधल्या अंगाला असेल, तर आडपट्टी पात्याला समांतर नाही आणि पात्याच्या मागच्या अंगाचे दाते वर येताना लाकडाला घासत आहेत, असे समजावे. डाग एखाद्याच ठिकाणी बोटभर असेल, तर तिथे माणूस थबकला होता, एवढेच. हात बदलण्यासाठी म्हणा किंवा फोन वाजला म्हणून म्हणा. आणि डाग लाकडावर नसून पात्याच्या पोलादी अंगावर निळसर ठिपक्यांच्या रूपात असेल, तर पाते तापून त्याचा ताण बिघडला आहे, आणि त्याला आता नुसती धार लावून काही साधणार नाही. धार गेली हे अनुमान या चारांपैकी एकाच प्रकारात खरे ठरू शकते आणि तिथेही राळेचा पर्याय उरतोच. राळेने माखलेले पाते सौम्य साबणी द्रावणात भिजवून ब्रशने घासले की बोथट ठरलेले दाते पुन्हा चालू लागतात, आणि धारवाल्याला द्यायचे पैसे वाचतात.

ज्या पात्यात कोणताच दोष नाही तेही लाकूड करपवू शकते, ही गोष्ट मात्र चिन्हे कितीही बारकाईने पाहिली तरी सहज ध्यानात येत नाही. ३०० मिलिमीटर व्यासाचे, टंगस्टन कार्बाइडचे दाते डकवलेले पाते मिनिटाला ४५०० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्याचे टोक सेकंदाला सुमारे ७० मीटर वेगाने धावते. माल मिनिटाला १० मीटर पुढे सरकत असेल आणि पात्याला २४ दाते असतील, तर प्रत्येक दात्याच्या वाट्याला ०.०९ मिलिमीटर लाकूड येते. त्याच पात्याच्या जागी लॅमिनेटच्या सफाईदार कापासाठी बनवलेले ९६ दात्यांचे पाते लावले, तर प्रत्येक दात्याला जेमतेम ०.०२ मिलिमीटर मिळते. एवढ्या पातळ थराला दाता कापत नाही, चोळतो; चोळण्याने उष्णता होते, उष्णतेने राळ वितळते आणि पाइनची फळी करपते. पाते कोरे करकरीत, धार उत्तम, मशीन ठीक, माणूस कसबी, लाकूड चांगले, आणि तरी फळी काळी. इथे दोष कोणत्याही एका वस्तूत राहत नाही. तो या सगळ्यांच्या मेळात आहे, नैयायिकांच्या भाषेत व्यापारात आहे, आणि व्यापार ही वस्तू नव्हे. जे पाते पाइनला नालायक ठरले तेच लॅमिनेटवर निर्मळ चालते. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण कर्त्याला दोष देते. या उदाहरणात नाचणाराही चांगला आहे आणि अंगणही सरळ आहे, ताल तेवढा जुळलेला नाही.

दुसरी अडचण अशी की दोष दिसतो एकीकडे आणि राहतो दुसरीकडे. पाते ज्या दोन चकत्यांमध्ये आवळले जाते त्यांना फ्लँज म्हणतात. फ्लँजचा व्यास १०० मिलिमीटर असेल आणि तिच्या कडेशी ०.०५ मिलिमीटर जाडीचा भुशाचा कण अडकला असेल, तर ३०० मिलिमीटरच्या पात्याच्या काठावर तो कण तिप्पट होऊन, म्हणजे ०.१५ मिलिमीटरचे डुलणे होऊन, प्रकट होतो. काप रुंद आणि खरबरीत येतो, दाते झिजतात, आवाज वाढतो, आणि सगळी लक्षणे काठावर असल्यामुळे दोष दात्यांना दिला जातो. नवे पाते लावले की तेही डुलते. मग दुकानदाराला दोष दिला जातो. फडक्याने फ्लँज पुसण्याचे काम राहून जाते.

याहून मार्मिक प्रकार ताणाचा आहे. कापताना पात्याचा काठ तापतो, मधला भाग त्या मानाने थंड राहतो. ३०० मिलिमीटर पात्याचा परीघ सुमारे ९४२ मिलिमीटर; काठ मध्यापेक्षा ५० अंशांनी जास्त तापला तर पोलादाच्या प्रसरणाच्या मानाने तो परीघ अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक वाढू पाहतो. मध्य त्याला वाढू देत नाही, आणि जागा न मिळालेला काठ लाटेसारखा वळतो. पाते सरळ रेषा सोडून भटकू लागते. यावर कारागिरांनी शोधलेला उपाय काठावर नाहीच. ते पात्याचा आतला पट्टा हातोड्याने ऐरणीवर ठोकून, किंवा दोन रुळांमध्ये दाबून, आधीच किंचित ताणून ठेवतात, त्यामुळे काठ थंड असताना तणावात राहतो आणि तापून वाढला तरी सैल पडत नाही. पात्याला ताण देणे म्हणतात ते हेच. काठाची व्याधी मध्यावर उपचार करून टाळली जाते, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो काठच ठोकत बसतो.

मग कारण कोणते आणि कारणासारखे नुसते दिसणारे कोणते, हे ओळखावे कसे? न्यायाच्या नंतरच्या शाखेत, म्हणजे नव्यन्यायात, यासाठी 'अन्यथासिद्ध' ही कल्पना आहे. एखादी गोष्ट कार्याच्या आधी हजर होती, परंतु कार्याची उपपत्ती तिच्यावाचून लागते, तर ती गोष्ट अन्यथासिद्ध, म्हणजे कारण म्हणून मोजण्याजोगी नव्हे. विश्वनाथाच्या भाषापरिच्छेदात अशा पाच गोष्टींची नावे येतात आणि त्यांत कुंभाराचा बाप आणि माती वाहून आणणारे गाढव ही दोन आहेत. गाढव मडक्याच्या आधी तिथे होते हे निर्विवाद; पण माती गाडीतून आली असती तरी मडके झालेच असते. कारखान्यातल्या कारणमीमांसेत अशी गाढवे पुष्कळ असतात. पट्टा तुटला त्या दिवशी अमावास्या होती. पट्टा तुटला तेव्हा मशीनवर बिहारहून आलेला नवा मुलगा होता. पट्टा तुटला त्याच आठवड्यात दारावरचे लिंबू-मिरची बदलायचे राहिले होते. यांपैकी पहिले आणि तिसरे अंधश्रद्धा म्हणून लगेच बाजूला काढले जाते, दुसरे मात्र अनुभवाचे बोल म्हणून टिकून राहते. तर्काच्या दृष्टीने तिन्हींची योग्यता सारखीच आहे, जोपर्यंत त्या मुलाने नेमके काय केले की ज्यामुळे पट्टा तुटला, हे कोणी दाखवत नाही. त्याने नव्या पट्ट्याची पहिली काही कापणी निम्म्या दाबाने करायला हवी होती, कारण कोऱ्या दात्यांची अतितीक्ष्ण टोके आधी हळुवार बसवावी लागतात, आणि ती त्याने केली नाही, असे दाखवले, तर ते कारण झाले. मुलगा नवा होता, हे गाढव.

आता श्रद्धेच्या उत्तराकडे वळता येईल. न्याय हे ईश्वर मानणारे दर्शन आहे; दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमाञ्जली हा आख्खा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठी लिहिला. या परंपरेने कारणांचे दोन वर्ग केले: प्रत्येक कार्याला लागणारी ती साधारण कारणे, आणि विशिष्ट कार्याला लागणारी ती असाधारण कारणे. साधारण कारणांच्या यादीत ईश्वर, त्याचे ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न, काल, दिशा, कार्याचा आधीचा अभाव, आणि अदृष्ट म्हणजे जीवांच्या धर्माधर्माचा न दिसणारा साठा, ही येतात. काहींच्या मते प्रतिबंध नसणे हेही त्यांतच. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात करणाची व्याख्याच असाधारण कारण अशी केलेली आहे. या विभागणीत विलक्षण समंजसपणा आहे. ईश्वराची इच्छा पट्टा तुटण्याला कारण आहे, हे नैयायिक नाकारत नाही. पण तीच इच्छा शेजारच्या मशीनवरचा पट्टा न तुटण्यालाही तेवढीच कारण आहे. जे दोन्ही बाजूंना सारखे हजर आहे त्याने एका बाजूचे वेगळेपण कसे समजावणार? देवाच्या मनात होते ते झाले, हे वाक्य म्हणून खरे असूनही विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. प्रश्न होता, हाच पट्टा का, आजच का, याच खाचेतून का.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. महाराष्ट्राला ही पाच कारणे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीतून परिचयाची झाली. 'दैव' या पाचव्या कारणाचा अर्थ लोकव्यवहारात नशीब असा होतो, आणि गीतेनेच नशिबाला पाचवा हिस्सा दिला आहे असा युक्तिवाद केला जातो. शांकरभाष्यात मात्र दैव म्हणजे डोळा, कान इत्यादी इंद्रियांना अनुग्रह करणाऱ्या देवता, जसा डोळ्याला आदित्य; म्हणजे तेही कर्म घडण्याच्या यंत्रणेतलेच एक अंग, इतर चारांचा हिशेब चुकला की बाकी टाकण्याचा रकाना नव्हे. त्या श्लोकांचा रोख खरे पाहता दुसरीकडे आहे: पाच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी, असे पुढे सांगितले आहे. तो अध्याय अहंकाराविषयी बोलतो आणि त्याचे लक्ष्य मोक्ष आहे, करवत नव्हे. तरीसुद्धा यशाचे एकट्याने श्रेय घेऊ नये हे ज्या तर्काने सिद्ध होते, त्याच तर्काने अपयशाचे खापर एकट्यावर फोडू नये हेही सिद्ध होते. कीर्तनांतून पहिली बाजू पुष्कळ ऐकू येते, दुसरी फारशी नाही.

असाधारण कारणाचा शोध कुठे थांबवावा, हाही प्रश्न उरतो, कारण शंका काढणाऱ्याला अंत नसतो: धार ठीक असेल, फ्लँज ठीक असेल, मग बेअरिंग कशावरून ठीक, मोजपट्टी तरी कशावरून ठीक? उदयनाचार्यांनी ईश्वरसिद्धीच्याच ग्रंथात याला उत्तर दिले आहे, की शंकेची मर्यादा व्याघात ही होय. व्याघात म्हणजे स्वतःच्याच वागण्याशी येणारा विरोध. धूर हवा म्हणून जो विस्तव पेटवतो, त्याने धूर विस्तवामुळे होतो की नाही अशी शंका घेण्यात अर्थ नाही. त्याच्या हातांनीच ती शंका सोडलेली असते. कामगार मोजपट्टीवर विसंबून रोज माल कापून देत असेल, तर दोष शोधण्यापुरती मोजपट्टीवर शंका घेणे हा विरोध झाला. हात ज्यावर विसंबतात तिथे शंका थांबते, आणि तिच्या अलीकडची प्रत्येक शंका तपासून पाहण्याजोगी ठरते.

तपासण्याची रीत आयुर्वेदाच्या निदानशास्त्रात चांगली मांडलेली आहे. माधवनिदानासारख्या ग्रंथांत रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत: निदान म्हणजे हेतू, पूर्वरूप म्हणजे आधीची अस्पष्ट चिन्हे, रूप म्हणजे उघड लक्षणे, उपशय म्हणजे उपचार करून पाहिल्यावर पडणारा उतार, आणि संप्राप्ती म्हणजे रोग घडत गेल्याचा क्रम. यातला उपशय यंत्राच्या बाबतीत फार मोलाचा आहे. शंका असलेले पाते काढून चांगले म्हणून ठाऊक असलेले त्याच जातीचे पाते त्याच मशीनवर चढवावे. दोष गेला तर तो पात्यात होता, राहिला तर पात्याबाहेर. अट एकच, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पाते, वेग आणि कूलंट तिन्ही एकदम बदलून काम सुरळीत झाले, तर रोग बरा झाला पण कळला नाही, आणि पुढच्या महिन्यात तो परत आला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. पूर्वरूपही दुर्लक्षण्यासारखे नसते. पोलाद कापणाऱ्या पट्टा-करवतीखाली पडणारा कीस हे तिचे पूर्वरूप होय: कीस मोकळा, चांदीसारखा आणि वळलेला असेल तर सर्व ठीक, बारीक पिठूळ पडत असेल तर दाब कमी आणि दाते घासताहेत, जाड, निळा पडलेला असेल तर दाब किंवा वेग जास्त. पातळ नळी कापताना दाते पटापट मोडले, तर त्या नळीच्या भिंतीत एका वेळी निदान तीन दाते तरी गुंतलेले होते का, हे आधी पाहावे. पट्ट्याच्या पाठीवर तडे असतील तर तो मागच्या आधाराच्या चाकावर घासतो आहे. दात्यांमधल्या खाचेत असतील तर ताण जादा आहे, किंवा चाकांवरून लाखो वेळा वाकून पोलाद थकले आहे. थकलेल्या पोलादाला उपचार नाही. तडा गेलेले पाते, चक्री असो की पट्टा, टाकूनच द्यायचे असते. तिथे काटकसर करणे म्हणजे माणसाच्या अंगाशी खेळणे.

मराठी संतपरंपरेत निदानाची एक प्रसिद्ध कथा आहे, ती तेरच्या गोरोबा कुंभारांची. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून त्यांनी मडकी पारखण्याच्या थापटण्याने प्रत्येकाच्या डोक्यावर थापटून पाहिले. बाकीचे स्वस्थ राहिले, नामदेव चिडले, आणि गोरोबांनी त्यांचे मडके कच्चे असल्याचा निवाडा दिला. पुढे नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. कथेचा रोख अहंकारावर आहे हे उघडच आहे, परंतु तिच्यातली परीक्षा कारागिराची आहे आणि ती आजही चालते. पोलादी करवतीला धार लावणारे दगडी चाक मशीनवर चढवण्याआधी ते कोरडे असताना टांगून लाकडी मुठीने हलके ठोकतात. निर्दोष चाक खणखणीत वाजते, आत तडा असलेले बद्द वाजते. विशेष हे की गोरोबांच्या निवाड्यात दोष सांगितला तो उपायाची दिशा दाखवणारा होता. कच्चे मडके भट्टीत जाते, उकिरड्यावर नाही. निदान आणि निंदा यांतला फरक त्या कथेइतका स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसतो, आणि कथा सांगणारे बहुधा तो सोडून नामदेवांच्या फजितीवरच रेंगाळतात.

हा फरक जिथे जीवघेणा होतो ती जागा म्हणजे अपघात. करवतीवर बोटे गेली की पहिला शेरा कामगाराच्या निष्काळजीपणाचा पडतो. न्यायमते कर्ता म्हणजे ज्याच्या ठिकाणी ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न ही तिन्ही आहेत तो. पात्याच्या ठिकाणी यांपैकी काहीच नाही, म्हणून पाते कारण होऊ शकते, अपराधी होऊ शकत नाही. परंतु हाच निकष माणसालाही लावून पाहिला पाहिजे. कंत्राटदारामार्फत आलेल्या ज्या मुलाला पात्यामागची दुभाजक पट्टी, म्हणजे चिरलेले लाकूड मिटून पाते आवळू नये म्हणून बसवलेली पातळ पट्टी, कशासाठी असते हे कोणी सांगितले नाही, त्याच्याकडे ज्ञान नव्हते. मशीन थांबवण्याचा अधिकार ज्याला नव्हता त्याच्या इच्छेला वाव नव्हता. उरतो नुसता प्रयत्न, आणि नुसत्या प्रयत्नाने माणूस पूर्ण अर्थाने कर्ता होत नाही, तो करणाच्याच जवळ सरकतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्राच्या धोक्याच्या भागांना कुंपण घालण्याची जबाबदारी कलम २१ मध्ये कारखान्यावर टाकली, कामगाराच्या सावधपणावर सोडली नाही. त्या तरतुदीत कर्तृत्वाची ही समज, तत्त्वज्ञानाचे नाव न घेता, उतरलेली दिसते.

यंत्रपूजेचा विचार या संदर्भात केला तर तिच्याकडे उपहासाने पाहण्याचे कारण उरत नाही. नवी मुंबईच्या कारखान्यांत आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, करवतींना झेंडूच्या माळा पडतात. उत्तरेकडून आणि पूर्वेकडून आलेले कामगार १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याची पूजा मांडतात. सुतार-पांचाळ समाजात विश्वकर्मा जयंती माघ शुद्ध त्रयोदशीची. पूजेसाठी मशीन थांबते, पुसले जाते, पात्यावरची राळ निघते, फ्लँजचा भुसा झटकला जातो, आणि वर्षभर ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही अशा बेअरिंगचा खडखडाट कोणाच्या तरी लक्षात येतो. हे फायदे पूजेचे समर्थन म्हणून सांगण्यात मात्र एक प्रकारचा हिशेबीपणा आहे, आणि पूजा करणाऱ्याच्या मनात तो नसतो. त्याच्या मनात असते ते एवढेच, की काम आपण एकट्याने केलेले नाही. ही जाणीव गीतेच्या पाच कारणांशी सुसंगत आहे. विसंगत आहे ती पूजा उत्तराची जागा घेते तेव्हा. पट्टा तुटल्यावर नारळ फोडून तसाच दुसरा पट्टा त्याच ताणावर चढवला जातो तेव्हा साधारण कारणाला असाधारणाचे काम सांगितले जाते, आणि नैयायिकाच्या दृष्टीने तो ईश्वराविषयीचाच गैरसमज ठरतो.

या सगळ्या व्यवहारात सर्वांत अवघड जागी असतो तो पात्यांना धार लावून देणारा. त्याच्याकडे दिवसभर पाती येतात आणि ती एकटी येतात. मशीन दूर राहते, लाकूड कापून गेलेले असते, माणूस पाळीवरून घरी गेलेला असतो. रोग्याला बोलता येत नाही आणि नातेवाईक बरोबर नाहीत, अशा दवाखान्यातले हे काम आहे. त्याला रूप दिसते, हेतू दिसत नाही आणि संप्राप्ती तर मुळीच नाही. म्हणून तो जे एकच करू शकतो ते करतो, सगळ्या पात्यांना सारखीच धार लावतो, आणि ज्याचा दोष धारेचा नव्हता ते पाते आठवड्याने परत येते. पात्याबरोबर एक चिठ्ठी पाठवण्याची पद्धत पडली तर यातले पुष्कळ टळेल: कोणत्या मशीनवर होते, मिनिटाला किती फेरे, कोणता माल आणि ओला की कोरडा, माल किती वेगाने सरकत होता, डाग कोणत्या अंगाला होता, शेवटच्या धारेनंतर किती दिवस चालले, आणि पाते उतरवताना फ्लँज पुसली होती की नाही. शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहिण्याची मोकळीक मशीनवरच्या माणसाला असली पाहिजे, दंडाची भीती नसली पाहिजे. ती मोकळीक नसेल तर चिठ्ठीत सगळीकडे 'होय' येईल आणि धारवाल्यापुढे पुन्हा नुसते पाते उरेल.